होडीचे नवे बूट

"हात सोडा तिचा. एकटी येऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाबानं हात सोडला. होडीनं पाऊल टाकलं आणि लांबलचक पांढरी फरशी पाण्यासारखी हलायला लागली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला ती कलली.

होडी हे नाव गल्लीतल्या पोरांनी पाडलेलं. उजवा पाय गुडघ्याखाली बाहेर वाकलेला, चालली की डुलायची. बाबा बूट शिवायचा. तिच्या उजव्या टाचेखाली तो बाहेरच्या कडेला चामड्याचे तीन पदर जास्त लावायचा, तेवढाच तोल सावरायला. दहा वर्षं असंच चाललेलं.

ऑपरेशनच्या वेळी ती जागीच होती. कमरेखाली बधिर, समोर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे तिचं हाड कापत होते, सरळ करून धातूची पट्टी ठोकत होते. ठक, ठक. डोळे मिटले तर वाटलं, आपण दुकानात बाबाच्या पायाशी झोपलोय, तो खिळे मारतोय आणि खाली कुठलंतरी संथ पाणी वाहतंय.

"हाडाची रेषा चुकली, तर परत कापावं लागेल," असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं. बारा आठवडे ते वाक्य तिच्या उशाशी होतं.

चौथं पाऊल. परत कलली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीकडे धरला. "हाड तर सरळ आहे."

"मग मी काय नाटक करतेय?" होडी खेकसली. "परत कापायचंय ना? सरळ सांगा की!"

बाबा भिंतीला टेकला. तीन दिवस खपून त्यानं हे नवे बूट शिवलेले. तिच्या आयुष्यातले पहिले, चारचौघींसारखे.

होडीनं ते ओरबाडून काढले आणि भिरकावले. एक बाकाखाली गेला, एक घरंगळत बाबाच्या पायाशी. मग ती अनवाणीच, पाय आपटत, दाराकडे निघाली. मरू दे सगळं.

दारापर्यंत पोचल्यावर तिला कळलं, आपण एकदाही कललो नाही. आणि फरशी हलत नाहीये.

"बाबा! अरे, बघितलंस का?"

बाबाचं लक्षच नव्हतं. उजवा बूट त्याच्या हातात उलटा होता. टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवत तो मोजत होता. एक. दोन. तीन.

"हे कधी लावले गं मी?"