चष्मा पुसताना

"चष्मा ही मानवजातीची गुलामगिरी आहे," नंदकिशोरांनी नाकावरचा स्वतःचा चष्मा सावरत जाहीर केलं. लेक ईरानं आईच्या डोळ्यांच्या लेसर ऑपरेशनसाठी व्हाइटफील्ड भागातले डॉक्टर ठरवले होते. सुलभानं फक्त हो म्हणायचं होतं. तेवढ्यात नंदकिशोरांना सांबार अळणी लागलं. "तुझ्या आईनं मीठ घालायलासुद्धा शिकवलं नाही?" इथून सुरुवात करून ते सासुरवाडीच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले. सुलभानं सवयीनं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसायला घेतला. लग्न झाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. काचा पुसून होईपर्यंत नवरा म्हणजे नुसता निळसर डाग. वाकडं तोंड दिसत नसे की उगारलेलं बोट. संसारातली तिची एवढीच रजा. "आई, ऑपरेशननंतर सगळं कायम स्वच्छ दिसेल," ईरा म्हणाली. "कायम?" सुलभानं विचारलं. "मग नको गं. ऑफिसातून येताना चष्मा काढून गळ्यात अडकवायची दोरी तेवढी आण."