मागचं सील

ट्रकच्या पोटाखालून तेलाचा थेंब पुन्हा टपकला. गिअरबॉक्सचं मागचं, तेल अडवणारं सील मिस्त्रीनं दोनदा बदललं होतं, तरी गळती तशीच.

"या खेपेला वहिनींना बघू द्या की," ट्रकवाला म्हणाला. "माझ्या मेहुण्याची गाडी त्यांनीच ठीक केली होती."

"बघू दे ना. मी कुठं नाही म्हणतोय?" मिस्त्री हसला, पण हातातला पान्हा त्यानं जरा जोरातच टाकला.

मिस्त्रीची बायको केस बांधत आली आणि गाडीखाली शिरली. शाफ्ट सुटला, फ्लँज बाहेर आला, जुनं सील निघालं. तिनं फ्लँजच्या गळ्यावरून, जिथं सील घासतं तिथं, नख फिरवलं. एका जागी ते अडलं.

"अहो, हे बघा. घासून घासून इथं खाच पडलीय. सील तुम्ही नीटच बसवलं होतं, पण त्याची कड परत परत या खाचेतच जाते. आता नवं सील जरासं बाहेर ठेवू, म्हणजे कड कोऱ्या जागेवर चालेल."

"घ्या! हात लावला की रोग सापडला," ट्रकवाला खूश झाला. "मिस्त्री, नशीबवान आहात राव."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातही 'तुम्ही नीटच बसवलं होतं' हे त्याला जास्त झोंबलं.

ती ग्रीस आणायला आत गेली. ट्रकवाला फोन कानाला लावून रस्त्याकडे वळला. नवं सील फडक्यावर होतं. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि सीलच्या रबरी कडेला टोकानं एक चीर दिली. बारीकशी. गळू दे एकदा तिच्याही हातून.

ती परत आली. कडेला ग्रीस लावता लावता तिचं बोट थांबलं. तिनं सील उजेडाकडे धरून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर अजून तसाच होता.

"काय झालं वहिनी?" फोन संपवून ट्रकवाल्यानं विचारलं.

"काही नाही. फाटकंच निघालं हे. दुकानातूनच तसं आलं असेल."

तिनं ते भंगारात फेकलं आणि फळीवरून दुसरं काढलं. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. नवं सील तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुम्ही बसवा. मी बॅटरी धरते."

तो गाडीखाली सरकला. तीही शेजारी येऊन उताणी झाली. उजेड त्याच्या हातांवर पडला, आणि सील पुरतं बसेपर्यंत तिथून हलला नाही.