दारावरची बेल

साताऱ्याच्या प्रयोगात दारावरची बेल वाजली, तरी मधुकरराव खुर्चीतच बसून राहिले होते. सांगलीच्या प्रयोगाआधी दिग्दर्शक देवदत्त त्यांच्या मुलीला म्हणाला, "सई, काका आज परत चुकले तर पुढच्या प्रयोगापासून त्यांच्या जागी सुमंत उभा राहील."

नाटकाचा आवाज सईच सांभाळायची. बाबांचा निदान उजवा कान तरी बरा आहे, या भरवशावर तिनं त्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला एक छोटा स्पीकर लपवला. लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅममधून बेल सुटायची आणि दुसरा प्रोग्रॅम ती फक्त त्या स्पीकरकडे पाठवायचा. दुपारपासून कितीदा तपासलं, तरी तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

प्रसंग आला. सईनं बटण दाबलं. बेल वाजलीच नाही. दोन प्रोग्रॅममधली जोडणी आपोआप सुटली होती. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली.

रंगमंचावर मधुकररावांसमोर बसलेल्या चारुशीलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मधुकरराव तत्काळ उठले आणि "आलो, आलो" म्हणत दार उघडायला गेले.

पडदा पडल्यावर सई धावतच आत गेली. "बाबा, बेल ऐकू आली?"

"आली की," तिच्या ओठांवरची नजर न काढता मधुकरराव म्हणाले. "आज तर लय खणखणीत वाजली."

"मीच आवाज वाढवला होता," सई म्हणाली. एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत.