दगडाबाईंची फेरी

देशी कंपनीची नवी विजेची गाडी परभणीत आली. किंमत सविताला परवडणारी होती. पण सासूला, दगडाबाईंना, गाडीत बसलं की उलटी व्हायची. त्यामुळे पोखर्णीच्या नृसिंहाचं दर्शनही कित्येक वर्षं घडलं नव्हतं.

"आत्याबाईला सोसली तरच घेईन," असं शोरूमवाल्याला सांगून सविता चाचणीची गाडी चालवायला बसली आणि तिने सासूला शेजारी बसवलं. दगडाबाईंनी डोळे गच्च मिटले.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "कवा निघायची गं? आधी सांग, म्हंजी लिंबू हुंगते."

"आत्याबाई, उतरा. पोखर्णी आली."

दगडाबाईंनी डोळे उघडले. समोर देवळाचा कळस होता. त्यांनी हात जोडले. मग खाली उतरून, दमल्या बैलाला चाचपावं तसा गाडीवरून हात फिरवला.

"एवढं चालून आली, अन् घाम बी न्हाई हिला."