सुतळी

पनवेलच्या हॉलमध्ये पंचांनी तिसऱ्यांदा फॉल्ट दिला आणि दमयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. अख्खा उन्हाळा अंगणात दोन खांबांना सुतळी बांधून तिने ही एकच सर्व्हिस घोटली होती. शटल सुतळीला घासून जायचं, इतकी खाली. बाजूला जाळं विणत बसलेल्या बाबांनी मात्र एकदाही मान वर केली नव्हती.

"सर, माझं चुकतंय काय?"

"मारताना शटल कमरेच्या खाली हवं. तुझी कंबर आहे कुठे, तेच कळत नाही," पंच वैतागले. "शर्ट आत खोच, नाहीतर फॉल्टच देणार."

दमयंतीने दातओठ खात शेवटच्या बाकावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. भावाचा हा गुडघ्यापर्यंतचा शर्ट म्हणजे बाबांचा हुकूम. "खोचलास तर रॅकेट चुलीत घालीन," असं त्यांनी सकाळी एसटीत चढतानाही बजावलं होतं. आता पंचांचं बोलणं ऐकून ते लालबुंद झाले आणि तरातरा कोर्टात शिरले. संपलं सगळं, म्हणत तिने रॅकेट काखेत मारली.

बाबांनी खांद्यावरचा पंचा ओढला, शर्टावरूनच तिच्या कमरेला करकचून आवळला आणि ते पंचांवर डाफरले, "ही बगा कंबर! आता द्या फॉल्ट, मंग मी हाय आन् तुमी हाव!"

मग तिच्याकडे वळून तितक्याच रागाने म्हणाले, "आन् तू बगतेस काय? घरी मारतेस तशी मार. सुतलीला घासून."