तोंडी परीक्षेचं जेवण

सकाळी अकरा वाजता गोरक्षनाथची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सुरू झाली. त्याआधीच कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आचाऱ्याने आमटीला फोडणी दिली होती. परीक्षा विद्यार्थ्याची आणि जेवणही विद्यार्थ्याचंच, अशी रीत आहे. निकालाची काळजी कुणालाच नव्हती. जिलेबी पुरेल की नाही, याची होती.

देवश्री शेवटच्या रांगेत बसली होती. अर्थशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग, गाव नेवाशाजवळ. सुप्याच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली होती. येणार की नाही, हे विचारायला ते दुपारी एक वाजता फोन करणार होते. इकडे यज्ञेश्वर सर म्हणाले होते, "गोरक्षनाथ आज सुटला की माझ्याकडे पीएच.डी.ची एक जागा रिकामी होते. येऊन बघा, मग ठरवा."

ती बघायला आली होती.

सरांकडेच पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली मोनिका वाकून तिच्या कानाशी आली. "तिसरा प्रश्न तुझा. या संशोधनाचा समाजाला उपयोग काय, एवढंच विचार. उत्तर त्याचं पाठ आहे."

"मला दुसरंच काही विचारायचं असेल तर?"

"कशाला?" मोनिकाला खरोखरच कळलं नाही.

प्रबंधाचा विषय होता नेवाशाकडच्याच घोडेगावच्या बाजारातले बैलांचे भाव. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांच्या हातातल्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. "तक्ते रंगीत छापलेत, हे बरं केलंत," असं त्यांनी सांगितलं आणि सभागृहाला प्रश्न विचारायची मुभा दिली. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. गोरक्षनाथने दोन्ही उत्तरं श्वास न घेता म्हटली. माना डोलल्या.

देवश्री उठली.

"घोडेगावला दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. आकडा तिसऱ्या माणसाला कळत नाही. मग तुमच्या तक्त्यांतले भाव तुम्हाला सांगितले कोणी?"

गोरक्षनाथने सरांकडे पाहिलं. परीक्षक पहिल्यांदाच चष्मा लावून तक्त्याचं पान शोधू लागले. आता काहीतरी होणार, असं देवश्रीला वाटलं.

यज्ञेश्वर सर प्रसन्न हसले. "वा, देवश्री! हा तर तुमच्या पीएच.डी.चा विषय झाला. टाळ्या वाजवा यांच्यासाठी."

टाळ्या वाजल्या. परीक्षकांनी चष्मा काढला. थोड्याच वेळात गोरक्षनाथ डॉक्टर झाला आणि त्यानेच परीक्षकांना शाल-नारळ देऊन खाली वाकून नमस्कार केला.

शेडमध्ये पंगत बसली. डॉक्टर गोरक्षनाथ नव्या कोटावर टॉवेल टाकून आमटी वाढत होते. देवश्री त्यांच्यापाशी गेली.

"तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

"कुठून देऊ? तुमचा प्रश्न बरोबर हाय ताई." त्यांनी एका द्रोणात आमटी ओतली. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "सहा वर्सांमागं असल्याच जेवणाआधी मीबी एक खरा प्रश्न विचारला हुता. सर असंच हसले हुते. टाळ्या लई वाजल्या हुत्या."

तिकडून सरांनी फोटोसाठी हाक मारली. "धरा जरा," म्हणत गोरक्षनाथने बादली आणि पळी तिच्याकडे दिली आणि टॉवेल काढून, कोट सारखा करत ते पळाले.

"ओ ताई, आमटी!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

खांद्यावरच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. एक वाजला होता. देवश्रीच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात पळी.