दुसरा चेंडू

पिवळ्या पट्टीच्या आत फक्त विद्यार्थी. बापाने पट्टीला बुटांची टोकं भिडवली होती. आत त्याची लेक पंचबाईंसमोर उभी होती. रोबोंचा उपांत्य सामना दोन गुणांनी खिशात आला होता, तेवढ्यात पंचांनी पाच गुणांचा दंड ठोकला. दंड उठला तर अंतिम फेरी, नाहीतर गाशा गुंडाळा. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, पुन्हा संधी कुठली यायला.

नियम एवढासा. रोबोने एका वेळी एकच चेंडू ताब्यात ठेवायचा. बाप मुरलेला फिटर, त्याला वाचता वाचताच पळवाट दिसली. एक चेंडू रोबोच्या तोंडात धरायचा आणि पुढे पत्र्याचे दोन पंख लावून दुसरा नुसता लोटत न्यायचा. लेक कुरकुरली होती.

"बाबा, चालेल का हे? पंचांना विचारू या ना."

"विचारायचं काय त्यात? पकडलाय कुठे? अंगाला लागून चालतोय," असं म्हणत त्याने स्क्रू आवळले. लेक गप्प बसली. नेहमीच बसायची. गुणाची पोर.

आता आतही ती तोंडाला कुलूप लावून उभी होती. बापाने खूण केली, बोल. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

"बाई, दुसरा चेंडू पकडलाच नव्हता. अंगाला लागून चालत होता."

पंचबाईंनी टेबलावर एक चेंडू ठेवला. दोन्ही तळवे उघडे ठेवून त्या तो लोटत राहिल्या. डावीकडे, मग उजवीकडे.

"मी पकडलाय याला?"

"नाही."

"पण मी वळवीन तिकडेच वळतोय ना? हाच ताबा. मुठीतच धरायला हवं असं नाही. सोडायचा असेल, तर रोबोने मागे व्हायचं."

बाप चडफडला. असल्या बोलण्यावर पोर पाघळणार, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या खुणा तिला नीट दिसाव्यात म्हणून तो पट्टीच्या कडेने उजवीकडे सरकला. लेकीची मान उजवीकडे वळली. मध्येच एक उंच मुलगा आडवा आला, तसा बाप डावीकडे आला. मानही डावीकडे आली.

पंचबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बापाकडे. त्यांचे तळवे अजून चेंडूभोवतीच होते. लेकीने ते पाहिलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

बाप दोन्ही हातांनी सांगत होता, सोडू नकोस, भांड.

लेकीने त्याच्याकडे पाठ केली.

"दंड बरोबर आहे, बाई. सही कुठे करू?"

बापाने हाक मारली. पुन्हा मारली. मान वळली नाही. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि तो पट्टीपासून दोन पावलं मागे झाला.